नियम बदलणं हीच चाल: ईमेलवरच्या नॉमिकमध्ये प्रस्ताव कसा लिहावा

बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो. डाव रंगात आलेला असताना कुणी "आता घोडा साडेतीन घरं चालेल" असं जाहीर केलं, तर समोरचा पट आवरून उठेल. नॉमिक नावाच्या खेळात मात्र नेमकं हेच करायचं असतं. आपली पाळी आली की नियमांमध्ये एखादा बदल सुचवायचा, बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचं, आणि तो मंजूर झाला की पुढचा खेळ बदललेल्या नियमांनी चालायचा. इथे पट नाही, सोंगट्या नाहीत, नियमांची संहिता तेवढी आहे. मतदान कसं घ्यायचं, जिंकलं कधी म्हणायचं, प्रस्ताव कुणी मांडायचा हे सगळं त्याच संहितेत लिहिलेलं असतं. त्यामुळे तेही बदलता येतं.

हा खेळ १९८२ साली पीटर सुबर यांनी तयार केला. ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अर्लहॅम कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान शिकवत होते. त्याच वर्षी जूनमध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली आणि तो सर्वदूर पोहोचला. सुबर यांच्या मनात कायद्यातलं एक कोडं घोळत होतं. घटनादुरुस्ती कशी करायची हे सांगणारं कलम स्वतःचीच दुरुस्ती करू शकतं का? आल्फ रॉस या डॅनिश कायदेपंडिताने १९६९ मध्ये डेन्मार्कच्या घटनेतलं ८८ वं कलम समोर ठेवून सांगितलं होतं की तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य आहे. ज्या कलमाने अधिकार दिला तेच त्या अधिकाराने बदललं, तर जुनं आणि नवं एकमेकांना छेद देतात. सुबर यांनी पुढे या विषयावर सबंध पुस्तक लिहिलं, ते १९९० मध्ये निघालं, आणि त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं: तर्काला इथे अडचण आहे हे खरं, पण लोक असा बदल स्वीकारतात म्हणून कायदा पुढे चालतो. नॉमिक म्हणजे या वादाची प्रयोगशाळा. कायद्याचा अभ्यास न केलेल्या माणसालाही इथे पाचसहा जणांमध्ये बसून हे कोडं स्वतः हाताळता येतं, आणि म्हणूनच हा खेळ मला फार मोलाचा वाटतो.

एका टेबलाभोवती बसूनही नॉमिक खेळता येतं, पण ते खुलतं ईमेलवर. सुबर यांनी मूळ नियमांतच टपालाने आणि संगणकावर खेळणाऱ्यांसाठी वेगळ्या तरतुदी करून ठेवल्या होत्या. अगोरा नावाचं एक नॉमिक ३० जून १९९३ रोजी सुरू झालं आणि अजून ईमेलवर चालू आहे. तिथे क्रमांक पडलेल्या प्रस्तावांची संख्या केव्हाच आठ हजारांच्या पुढे गेली. याचं कारण सरळ आहे. ईमेलवर विचार करायला वेळ मिळतो आणि प्रत्येक शब्द नोंदला जातो. ज्या खेळात शब्द हीच चाल आहे, तिथे या दोन गोष्टींचं मोल किती ते वेगळं सांगायला नको.

संहितेत काय असतं

सुबर यांच्या मूळ संचात २९ नियम आहेत. १०१ ते ११६ हे सोळा नियम पक्के, २०१ ते २१३ हे तेरा बदलते. बदलत्या नियमात थेट दुरुस्ती करता येते. पक्क्या नियमाला हात लावायचा असेल तर आधी एक प्रस्ताव मांडून, सर्वांच्या एकमताने, त्याला बदलत्यांच्या रांगेत आणावं लागतं आणि त्यानंतर दुसऱ्या प्रस्तावाने त्यातला मजकूर बदलता येतो. म्हणजे काम एक आणि मतदानं दोन. तेव्हा प्रस्ताव चार तऱ्हेचे असू शकतात: नवा नियम आणणं, असलेला रद्द करणं, असलेल्यात दुरुस्ती करणं, किंवा पक्क्याचा बदलता आणि बदलत्याचा पक्का करणं.

पक्क्या नियमांपैकी तीन मनात ठेवलेच पाहिजेत. ११४ सांगतो की निदान एक तरी बदलता नियम कायम असला पाहिजे आणि नियम बदलणं पूर्णपणे अशक्य कधीच होता कामा नये. ११५ सांगतो की ज्या नियमांच्या आधारे नियम बदलतात तेही बदलता येतात, अगदी स्वतःचाच आधार काढून घेणारा बदलसुद्धा चालतो. रॉस यांना जे अशक्य वाटलं त्याला इथे उघड परवानगी आहे. आणि ११६ सांगतो की ज्याला कुठल्याही नियमाने मनाई नाही ते करायला मोकळीक आहे, अपवाद फक्त नियम बदलण्याचा. नियम बदलायचा तर त्याला कुठल्या तरी नियमाचा आधार लागतोच.

नवखा खेळाडू ११६ वाचून हुरळतो आणि मनाई नसलेल्या गोष्टींची यादी करू लागतो. माझं सांगणं असं की पहिला प्रस्ताव लिहिण्याआधी त्याने २०२, २०३, २०४ आणि २०६ हे चार नियम एकत्र वाचावेत. गुणांचं गणित तिथे आहे, आणि कोण कशाला होकार देणार हे त्या गणितावरून बरंच कळतं.

टेबलावर प्रत्येक पाळीला फासा टाकून गुण मिळतात. ईमेलवर फासा टाकला तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून सुबर यांनी फासाच काढून टाकला. प्रस्तावांना ३०१ पासून क्रमांक पडतात. आपल्या प्रस्तावाच्या क्रमांकातून २९१ वजा करायचे, आलेल्या आकड्याला होकारांच्या प्रमाणाने गुणायचं आणि जवळच्या पूर्णांकाला आणायचं, ते आपले गुण. पहिल्या प्रस्तावाला जास्तीत जास्त १०, दुसऱ्याला ११, असं वाढत जातं. प्रस्ताव फेटाळला गेला तर १० गुण वजा होतात. आधी २०० गुण मिळवेल तो जिंकला.

समजा पाच खेळाडू आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रस्ताव मंजूर व्हायला एकमत लागतं. प्रस्ताव ३०१ ला चौघांचा होकार आणि एकाचा नकार आला, तर एकमत नाही, प्रस्ताव पडला. नियम शब्दशः वाचले तर १० गुणिले चार पंचमांश म्हणजे ८ गुण मिळाले आणि १० गेले, हाती आले उणे २. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि मधल्या काळात २०३ मध्ये कुणी दुरुस्ती केली नाही, की तो नियम आपोआप बदलतो आणि साधं बहुमत पुरतं. तेव्हापासून २०४ जागा होतो: मंजूर झालेल्या प्रस्तावाच्या विरोधात ज्यांनी मत दिलं त्यांना प्रत्येकी १० गुण. आता प्रस्ताव ३११ पाहा. तीन होकार, दोन नकार, प्रस्ताव मंजूर. मांडणाऱ्याला २० गुणिले तीन पंचमांश, म्हणजे १२ गुण. विरोध करणाऱ्या दोघांना मात्र काहीही न लिहिता, कुठलाही धोका न पत्करता १०-१० गुण.

तेव्हा या टप्प्यावर प्रत्येकाला प्रस्ताव मंजूर व्हावा असं वाटतं, पण स्वतःचं मत विरोधात पडावं असंही वाटतं. सगळ्यांनीच तसं केलं तर प्रस्ताव पडतो आणि विरोधकांच्या हाती काहीच लागत नाही. सुबर यांनी हा ताण मुद्दाम पेरला आहे. बहुमताखाली अल्पमत चिरडलं जाऊ नये म्हणून दिलेली ही भरपाई आहे, आणि तिच्यामुळेच बहुमत डळमळीत होतं. पुष्कळ खेळांत पहिल्या काही दुरुस्त्या २०४ वरच घातल्या जातात, ते का हे यावरून लक्षात यावं.

क्रमांकाचा सापळा

दोन बदलते नियम एकमेकांविरुद्ध गेले तर काय करायचं, हे २११ सांगतो. ज्याचा क्रमांक लहान त्याचं म्हणणं चालतं. पक्का आणि बदलता यांच्यात वाद असेल तर पक्का वरचढ. म्हणजे तुमचा नवाकोरा ३१२ जुन्या २०५ शी भांडला तर २०५ जिंकणार. तुमच्या नियमाला बहुमत मिळालं, टाळ्या मिळाल्या, आणि तरी त्याचा काडीचा उपयोग नाही, असं सहज होऊ शकतं.

यातून दोन वाटा आहेत. एक, जुन्या नियमातच दुरुस्ती करायची. दुसरी, नव्या नियमात "हा नियम अमुक नियमापेक्षा वरचढ आहे" असं स्पष्ट लिहायचं. २११ असं लेखी वचन मानतो. मात्र दोन्ही नियमांनी स्वतःला वरचढ म्हटलं तर पुन्हा क्रमांकच पाहायचा.

पहिल्या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो १०८ मध्ये दडलेला आहे. नियमात दुरुस्ती झाली की त्या नियमाला दुरुस्तीच्या प्रस्तावाचा क्रमांक मिळतो. आता कल्पना करा, कुणी २०५ मधली एक चुकलेली वेलांटी दुरुस्त करायचा निरुपद्रवी प्रस्ताव मांडला, तो ३१४ क्रमांकाने मंजूर झाला. त्या क्षणी २०५ चा ३१४ झाला, आणि दोनशेच्या रांगेतले सगळे नियम, शिवाय ३०१ ते ३१३ मधले जे मंजूर झाले असतील ते सगळे, त्याच्यापेक्षा वरचढ झाले. वेलांटीच्या नावाखाली नियमाची पत उतरवता येते. जाणता खेळाडू हे हत्यार म्हणून वापरतो. बाकीच्यांनी निदान प्रस्ताव वाचताना दोन प्रश्न विचारावेत: यात शब्द कुठले बदलले, आणि क्रमांक बदलल्याने आणखी काय बदललं?

एक प्रस्ताव घडवून पाहू

ईमेलवरच्या खेळाला लागणारा सगळ्यात नेहमीचा रोग म्हणजे आळस. लोक मत पाठवत नाहीत आणि खेळ रखडतो. एकमत लागणाऱ्या काळात एकाच्या मौनाने सगळे अडकतात. म्हणून कुणीतरी लिहितं:

"जे वेळेत मत देणार नाहीत त्यांचे गुण कापले जावेत."

भावना योग्य आहे. चर्चेत हे वाक्य चालेल, संहितेत गेलं तर घात करेल. वेळेत म्हणजे कधी? मूळ संचात मतदानाला मुदतच ठरवलेली नाही. किती गुण? कोण कापणार? त्याने कापलेच नाहीत तर गुण तेवढेच राहिले की कमी झाले? जो खेळाडू मतदान चालू असताना खेळात आला त्याचं काय? जो आधीच सांगून आठवडाभर बाहेर गेला त्याचं काय? कोरं मत पाठवलं तर ते मत धरायचं का?

यातला "कोण कापणार" हा प्रश्न सगळ्यात खोल आहे. नियमात दोन तऱ्हेची वाक्यं असतात. काही वाक्यं जगाची स्थिती बदलतात: मुदत संपली की गुण कमी होतात, कुणी काही करो वा न करो. काही वाक्यं माणसावर जबाबदारी टाकतात: अमक्याने गुण कमी केले पाहिजेत. दुसऱ्या तऱ्हेत त्या माणसाने काम केलं नाही तर त्याने नियम मोडला, पण गुण होते तिथेच राहिले. अगोराच्या खेळाडूंनी हा फरक इतका मनावर घेतला की त्यांच्या संहितेत ‘करणं शक्य नाही’ आणि ‘करायला मनाई आहे’ यांसाठी वेगवेगळे ठरावीक शब्द आहेत. जे शक्यच नाही ते केल्याचं जाहीर केलं तरी काहीच घडत नाही. ज्याला मनाई आहे ते केलं तर घडतं, आणि मग शिक्षा होते. नॉमिकबाहेरही करार, सोसायटीचे उपनियम, कार्यालयीन आदेश वाचताना हा फरक फार कामाला येतो.

आता दुसरा मसुदा:

"पुढील नवा नियम लागू व्हावा: प्रत्येक प्रस्तावावरील मतदान, प्रस्तावाला क्रमांक देणारी ईमेल पाठवली गेल्यापासून सात दिवस चालते. मतदान सुरू होताना जो खेळाडू होता आणि ज्याने मुदतीत होकार, नकार किंवा तटस्थ यांपैकी एकही मत सर्व खेळाडूंना पाठवले नाही, त्याचे मुदत संपताक्षणी २ गुण कमी होतात. मतदान सुरू होण्यापूर्वी ज्याने रजा जाहीर केली आणि ती मागे घेतली नाही, त्याचे गुण कमी होत नाहीत. हा नियम लागू होण्यापूर्वी सुरू झालेल्या मतदानांना तो लागू नाही."

लांबला खरा, पण प्रत्येक वाक्य एका प्रश्नाचं उत्तर आहे. "पाठवली गेल्यापासून" असं म्हटलं आहे, कारण ईमेल पोहोचण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी असू शकते. "सर्व खेळाडूंना" म्हटलं आहे, कारण एकालाच खासगीत पाठवलेलं मत नंतर सिद्ध कसं करणार? शेवटचं वाक्य खरं तर गरजेचं नाही. १०७ नुसार कुठलाही बदल मागच्या तारखेपासून लागू होत नाही. तरी मी ते ठेवेन. अर्धवट चाललेलं मतदान ‘मागची तारीख’ आहे की नाही यावर वाद होऊ शकतो आणि त्या वादात पंधरा ईमेल खर्ची पडण्यापेक्षा एक वाक्य जास्त बरं.

एक भोक अजून राहिलं आहे. कायमची रजा जाहीर करून कुणीही या नियमातून सुटू शकतो. ते बुजवायचं की नाही, हा निर्णयाचा भाग आहे. सगळी भोकं बुजवत बसलं तर नियम कुणी वाचणार नाही, आणि न वाचलेल्या नियमाला लोक नकार देतात. या भोकाचा गैरफायदा दर मतदानाला फार तर दोन गुणांचा आहे, तेव्हा तूर्त सोडून द्यावं. जिथे भोकातून सगळा खेळ बाहेर पडू शकतो तिथे मात्र एक शब्दही सैल नको.

मतदानाला टाकण्याआधी मसुदा सर्वांना फिरवावा. अगोरात अशा कच्च्या मसुद्याला ‘प्रोटो’ म्हणतात आणि मोठ्या बदलाचे तीनचार प्रोटो फिरणं तिथे नित्याचं आहे. टेबलावरच्या खेळात पुढच्या प्रस्तावांबद्दल आपापसांत खलबतं करायला २१० ची मनाई आहे, पण ईमेलच्या खेळाला सुबर यांनी ती लावलेली नाही. शिवाय १११ प्रमाणे संदिग्ध किंवा खेळ बिघडवणाऱ्या प्रस्तावात इतरांनी सुधारणा सुचवायच्या असतात आणि शेवटचं रूप मांडणाऱ्याने ठरवायचं असतं. इतरांचे आक्षेप आधीच ऐकले की होकार वाढतात, आणि होकारांवरच गुण आहेत.

दोन प्रस्ताव, एकच नियम

मूळ नियमांत एका वेळी एकच प्रस्ताव असतो. ईमेलवर पाळीची वाट पाहणं कंटाळवाणं होतं, म्हणून बहुतेक खेळ लवकरच पाळीची पद्धत मोडतात आणि कुणालाही कधीही प्रस्ताव मांडायची मुभा देतात. इथून खरी गंमत आणि खरी डोकेदुखी सुरू होते.

समजा नियमात "मतदान सात दिवस चालते" असं आहे. पहिला प्रस्ताव म्हणतो, "‘सात’ या शब्दाच्या जागी ‘दहा’ घाला." दुसरा म्हणतो, "‘सात दिवस’ या शब्दांच्या जागी ‘दोन आठवडे’ घाला." दोन्ही एकाच वेळी मतदानाला गेले आणि दोन्ही मंजूर झाले. पहिला आधी लागू झाला तर दुसऱ्याला ‘सात दिवस’ सापडतच नाहीत. मग दुसऱ्याचं काय व्हायचं? तो निष्फळ गेला असं म्हणायचं, की त्यामागचा हेतू ओळखून दोन आठवडे धरायचे?

हे टाळायला काही जण सबंध नियम नव्याने लिहून देतात: "हा नियम पुढीलप्रमाणे वाचला जावा." मजकूर सापडण्याची अडचण मिटते, पण मधल्या काळात दुसऱ्या कुणाची दुरुस्ती त्याच नियमात झाली असेल तर ती गुपचूप पुसली जाते. ज्याची दुरुस्ती पुसली गेली त्याला हे आठवड्याने कळतं आणि तो चिडतो, ते रास्तच आहे. मला विचाराल तर लहान बदलासाठी शब्दांची अदलाबदल करावी आणि बदलायचा तुकडा इतका मोठा घ्यावा की तो नियमात एकदाच येईल. ‘सात’ हा एकटा शब्द त्याच नियमात तीनदा आला असेल तर कुठला बदलला हे ठरवायला न्यायाधीश लागेल. सबंध नियम तेव्हाच बदलावा जेव्हा त्याची रचनाच बदलायची आहे, आणि तेव्हा त्याच नियमावर दुसरा प्रस्ताव चालू नाही ना हे आधी पाहावं.

लागू होण्याच्या क्रमाचा आणि क्षणाचा प्रश्न असाच नाजूक आहे. सुबर यांच्या संचात मतदान पूर्ण झालं त्या क्षणी बदल लागू होतो. ईमेलवर तो क्षण नेमका कुठला? शेवटचं मत पाठवलं तो, की ते मोजलं तो? अगोराने वेगळी वाट धरली. तिथे निकाल जाहीर करणारा पदाधिकारी असतो आणि त्याने निकालाची ईमेल पाठवली की प्रस्ताव क्रमाने लागू होतात. एका ईमेलमध्ये पाच कृती लिहिल्या असतील तर त्याही लिहिलेल्या क्रमाने घडल्या असं धरतात. वाचायला रुक्ष वाटतं, पण अशा दोन ओळींनी शेकडो वाद वाचवले असतील.

पक्क्या-बदलत्याच्या पुढे

सुबर यांची दोन रांगांची व्यवस्था अगोराने ताणून मोठी केली. तिथे प्रत्येक नियमाला वजन असतं आणि ते आकड्यात लिहिलेलं असतं. प्रस्तावालाही मांडणारा एक आकडा देतो. आकडा ३ असेल तर मंजुरीसाठी होकार नकारांच्या निदान तिप्पट हवेत. मंजूर झाल्यावर प्रस्तावाला त्या आकड्याइतकं वजन मिळतं, मात्र ४ च्या पुढे नाही, आणि स्वतःहून जड नियमाला तो हात लावू शकत नाही. म्हणजे तीन वजनाचा नियम बदलायचा तर तिप्पट होकार मिळवूनच यावं लागतं. एकमताची अट काढून टाकली, तरी महत्त्वाचे नियम सहज हलत नाहीत. तटस्थ मताची सोयही तिथे विचारपूर्वक केली आहे: ते गणसंख्येत धरलं जातं, होकार-नकाराच्या प्रमाणात धरलं जात नाही.

वजनाची ही पद्धत पाहिली की मूळ संचातली सगळ्यात मोठी भीती नीट दिसते. एखादा प्रस्ताव चुकून सगळी दारं बंद करू शकतो. "यापुढे प्रस्ताव फक्त कोषाध्यक्ष मांडू शकेल" असा नियम मंजूर झाला आणि कोषाध्यक्षच खेळ सोडून गेला, तर? अगोराच्या संहितेत याला उत्तर देणारा एक नियम आहे. खेळाडूंनी वाजवी कृती करून चार आठवड्यांच्या आत हवा तो नियम बदलता येणार नाही अशी स्थिती म्हणजे खेळ गोठणं, आणि ज्या बदलाने खेळ गोठेल तो बदल घडतच नाही. सुबर यांच्या ११४ चं हे जास्त मोजमाप असलेलं रूप आहे. नवं नॉमिक सुरू करणाऱ्याने बाकी काही उचललं नाही तरी हे उचलावं.

वाद झाला तर निवाडा लागतो. मूळ संचात ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो, आणि पुढची पाळी सुरू होण्याआधी बाकी सगळे एकमताने विरोधात गेले तरच त्याचा निकाल फिरतो. नियम गप्प किंवा गोंधळलेले असतील तिथे त्याने खेळातली रूढी आणि खेळाची वृत्ती पाहायची असते. अगोरात याच्या जोडीला आधीचे निवाडे, व्यवहारज्ञान आणि खेळाचं हितही पाहतात, पण पहिला मान नियमाच्या शब्दांना. म्हणून प्रस्ताव लिहिताना "माझा हेतू तर उघड होता" या भरवशावर राहू नये. शब्द स्पष्ट असतील तर हेतू कुणी विचारत नाही.

पळवाटांबद्दल लोक दोन टोकांची मतं मांडतात. काहींना त्या फसवणूक वाटतात. ईमेलवरच्या नॉमिकमध्ये सर्वसाधारण रिवाज असा की नियम न मोडता कुणी फट शोधली, तिचा फायदा घेतला, तर त्याचं कौतुक होतं आणि पाठोपाठ फट बुजवणारा प्रस्ताव येतो. सुबर यांनी तर विरोधाभासालाच जिंकण्याचा मार्ग केला: एखादी चाल सारखीच वैध आणि अवैध ठरत असेल, किंवा खेळ पुढे सरकणंच अशक्य झालं असेल, तर ज्याला आपली पाळी पूर्ण करता येत नाही असा पहिला खेळाडू जिंकतो. तसा डाव रचणं कठीण असतं आणि साधला तर देखणाही दिसतो. पण वर्षानुवर्षं चाललेल्या खेळांना तोलून धरणारी माणसं वेगळी असतात. ती दर महिन्याला दोनचार किरकोळ दुरुस्त्या मांडतात, जुना शब्द काढतात, कुणी वापरत नाही तो नियम रद्द करतात. त्यांच्या प्रस्तावांवर चर्चा होत नाही, ते भरघोस होकारांनी मंजूर होतात. नव्या खेळाडूने पहिल्या प्रस्तावासाठी अशीच एखादी जागा निवडावी. संहिता सगळी वाचून होते आणि गुणही हाताशी लागतात.

प्रस्ताव मंजूर झाला की काम संपलं असं समजू नये. संहिता सांभाळणाराही माणूसच असतो, आणि बदल नोंदताना त्याच्या हातून ओळ सुटू शकते. नवी प्रत आली की आपल्या प्रस्तावाचा मजकूर शेजारी ठेवून अक्षरशः ताडून पाहावा. मतमोजणीही तपासावी. अगोरात निकालाच्या घोषणेवर आठवडाभर कुणी आक्षेप घेतला नाही, तर मोजणी चुकलेली असली तरी जाहीर झाला तोच निकाल खरा धरला जातो. मागची शेकडो पानं पुन्हा उकरावी लागू नयेत म्हणून ही सोय आहे. तेव्हा आकडा चुकला असं वाटलं तर त्या सात दिवसांतच ईमेल टाकावी, आणि कुठलं मत कुठल्या तारखेच्या ईमेलमध्ये होतं ते तिच्यात लिहावं.